पाणी मारणाऱ्या धुरपताबाई

धुरपताबाई नव्या स्लॅबवर चपला काढून चढायच्या. तळपाय टेकवून क्षणभर उभ्या राहायच्या आणि सांगायच्या, "काल पाणी भेटलं न्हाई हिला." स्लॅबला त्या 'हिला' म्हणायच्या, घरातल्या बाळंतिणीबद्दल बोलावं तसं. त्या सहसा चुकत नसत.

लातूर नुकतंच वेगळा जिल्हा झालं होतं. सरकारी कर्मचाऱ्यांच्या घरांचं काम निघालं होतं आणि मी तिथे ओव्हरसियर म्हणून रुजू झाले होते. वय बावीस, ऑफिसात एकटीच बाई. धुरपताबाईंनी पन्नाशी ओलांडलेली. मूळच्या किनवटकडच्या, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला घराबाहेर पडल्या, त्या बांधकामावरच राहिल्या. आता बारा बायांच्या टोळीच्या मुकादम होत्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला बजावलं, "ताई, हितं बाप्ये बोलले की चर्चा, आन् आपण बोललो की कागाळी. जपून बोलत जा."

त्या वर्षी पुन्हा पाऊस नव्हता. नव्या स्लॅबवर आठवडाभर तरी पाणी साठवून ठेवावं लागतं, नाहीतर तो कच्चा राहतो. टँकर यायचा, पण तिसऱ्या दिवसापासून गुत्तेदाराने, म्हणजे कंत्राटदाराने, तो आपल्या खाजगी कामावर वळवला. त्याचा सुपरवायझर मात्र रोज पाणी मारल्याचं सांगत होता. धुरपताबाईंनी मला वर नेऊन कोरडा ठणठणीत स्लॅब दाखवला. मी तशीच मोठ्या साहेबांकडे गेले.

साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. सुपरवायझर म्हणाला, "म्हातारीला माझ्या जागी स्वतःचा जावई चिकटवायचा आहे, म्हणून ती या नव्या पोरीचे कान भरून राहिली." साहेब हसले. धुरपताबाई एवढंच म्हणाल्या, वर चला आणि हात लावून बघा. कुणी जागचं उठलं नाही. मग साहेबांनी मला विचारलं, "तू स्वतः पाहिलंस?"

मी पाहिलं होतं. पण माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. मी म्हणाले, "मला बाईंनी सांगितलं."

धुरपताबाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी, या वयात शिडी चढणं धोक्याचं, असं सांगून त्यांना कामावरून काढलं.

पुढच्या आठवड्यात नांदेडहून माझ्याच वयाचा एक इंजिनिअर बदलून आला. दुसऱ्या स्लॅबचंही तेच चाललं होतं. त्याने ते साहेबांना सांगितलं. साहेबांनी त्याला समोर बसवून चहा पाजला, पोराची नजर तयार आहे म्हणाले. संध्याकाळी टँकर हजर.

मी धुरपताबाईंच्या झोपडीवर गेले. किनवटला लेकीकडे जायला त्या बोचकं बांधत होत्या. मी घडलेलं सांगितलं, माफी मागितली. त्यांनी गाठ आवळली.

"तुमी तरण्या, म्हणून तुमाला कळत न्हाई म्हणले. मी म्हातारी, म्हणून माझं डोस्कं फिरलं म्हणले. मग बाईचं खरं कोणत्या वयात धरतेत, ताई?"

त्या उठल्या. बोचकं डोक्यावर घेऊन निघाल्या. पुन्हा कधी भेटल्या नाहीत.

मी नोकरी पूर्ण केली. चाळिशीत साधी सूचना केली तरी लोक मला राजकारणी म्हणायचे, पन्नाशीनंतर चिडकी. निवृत्तीच्या समारंभात मात्र एका साहेबांनी माझं भरभरून कौतुक केलं. मॅडमनी इतक्या वर्षांत कधी कुणाविरुद्ध तोंड उघडलं नाही, असं ते म्हणाले. टाळ्या झाल्या. मी गळ्यात हार घालून बसून होते.