चिमटीच्या मापाचा गांबा

बाई नेमकं काय शिकवतात, हे त्यांच्या सख्ख्या भावालाही धड सांगता यायचं नाही. "संगीतशाळेत काहीतरी जुनंपुराणं वाजवते," एवढं म्हणून तो विषय बदलायचा. आता यात न कळण्यासारखं काय आहे, सांगा! शाळेच्या तळमजल्यावर, सायकली लावायच्या जागेशेजारी एक खोली होती. तिथे बरोक काळातल्या, म्हणजे तीनशे वर्षांपूर्वीच्या घडणीची वाद्यं होती. वरच्या मजल्यांवर आजचं व्हायोलिन नि आजचा पियानो शिकणारी पोरं आठवड्यातून एकदा खाली यायची. ही घडण नवी होती तेव्हा लोक ही वाद्यं कशी वाजवत, हे बाई त्यांना शिकवायच्या. झालं!

पहिल्या दिवशी पोरं हटकून नाक मुरडायची. व्हायोलिनला हनुवटी टेकवायला काही नाही. तारा धातूच्या नाहीत, तातीच्या, म्हणजे चक्क बकरीच्या आतड्याच्या. हे ऐकलं की वर्गभर "ईऽऽ" व्हायचं. "हा सूर छान लागला, आता पुढचा लावा," बाई म्हणायच्या. शिवाय सगळी वाद्यं आजच्या पट्टीपेक्षा अर्धा स्वर उतरवून लावलेली. ज्यांचे कान तिखट, ती पोरं कासावीस होऊन तक्रार करायची, "बाई, हे बेसूर आहे!"

"बेसूर नाही रे राजा, म्हातारं आहे. जरा खालच्या आवाजात बोलतं, एवढंच."

मग त्या गज हातात द्यायच्या आणि सांगायच्या, "ओढू नकोस, बोल." कागदावर सारखे लिहिलेले स्वर एक लांब, एक आखूड असे डुलवत वाजवायचे, मधल्या मुरक्या आपल्या आपण घालायच्या, हे कळलं की तीच पोरं घंटा झाली तरी हलायची नाहीत. वरचे मास्तर जिन्यातून हाका मारून दमायचे.

वाद्यं करायचे बाईंचे यजमान. त्यांचं दुकान मागच्याच गल्लीत, एका खिडकीचं. सरसाचा वास, जमिनीवर भुसा, नि भिंतीवर तातीची वेटोळी टांगलेली. त्यावरून पोरांनी त्यांचं नाव तातोबा ठेवलं होतं, तोंडावर मात्र काका. तातोबा बोलायला तुसडे होते, त्याला इलाज नाही. गिऱ्हाईक आलं की आधी "हात धुतलेत का?" विचारायचे, मग "या" म्हणायचे. पण पोरांपुढे हा माणूस विरघळायचा. तारांखालची तुटलेली घोडी, सैल झालेली खुंटी, काहीही घेऊन जा, हातातलं काम टाकून आधी तुमचं.

आणि त्यांचा सगळ्यात जीव होता चिमटीवर.

चिमटी म्हणजे वर्गातली सगळ्यात लहानखुरी मुलगी. सगळंच चिमूटभर, म्हणून चिमटी. तिने आल्या आल्या गांबा पाहिला आणि दुसरं काही बघेचना. गांबा म्हणजे चेलो नव्हे बरं का, बाईंसमोर तसं म्हणायची सोयच नव्हती! गांब्याला सहा तारा, मानेवर तातीचेच पडदे बांधलेले. तो जमिनीवर टेकवायचा नाही, दोन्ही पायांच्या पोटऱ्यांमध्ये धरायचा, आणि गज खालून, तळहात आभाळाकडे करून धरायचा. आवाज असा, की कुणीतरी शेजारी बसून हळू आवाजात आपलीच गोष्ट सांगतंय. पण खोलीत होता तो थोरामोठ्यांचा गांबा. चिमटीची बोटं एका पडद्यावरून पुढच्या पडद्यापर्यंत पोचायचीच नाहीत. ती हात ताणायची, जीभ बाहेर काढायची, स्वर निसटायचा, की पुन्हा ताणायची.

तातोबांनी हे एकदा दारातून पाहिलं. आत आले, तिचा डावा हात आपल्या हातात घेऊन बोटं पसरवली, खिशातला दोरा काढून पहिल्या बोटापासून करंगळीपर्यंत माप घेतलं आणि दोऱ्याला गाठ मारली. "तुझ्या मापाचा करतो," म्हणाले. "तुझाच. वाटणी नाही."

त्याच सुमाराला त्यांच्या छातीचं दुखणं निघालं. दिवस थोडे उरलेत, असं डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. बाई कोलमडल्या. तातोबा दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडून बसले. बाकीची कामं त्यांनी परत पाठवली, गिऱ्हाइकांच्या शिव्या खाल्ल्या आणि गांब्याची फळी तासायला घेतली.

"अहो, जरा पडा की. काय आग लागलीय का कुठे?" बाई रडकुंडीला येऊन म्हणाल्या.

"लागलीच आहे," ते म्हणाले. "त्या पोरीचा हात एवढाच राहणार आहे का? आपण थांबू गं, पोरं थांबत नाहीत."

शेवटी शेवटी त्यांना उभं राहवत नव्हतं. स्टुलावर बसून, दोन हात मारले की दम खात, त्यांनी व्हार्निश दिलं. ते सुकलं तेव्हा तारा चढवल्या, सूर लावला, एकदा गज फिरवून पाहिला आणि मान डोलावली. त्यानंतर ते अंथरुणाला खिळले ते उठलेच नाहीत.

दिवस उलटले. बाईंनी दुकान रिकामं करून दिलं. छोटा गांबा घरी आणला आणि पलंगाच्या तातोबांच्या बाजूला, कोपऱ्यात उभा केला. शनिवारी शाळेत न्यायचा, चिमटीच्या हातात द्यायचा, असं ठरलेलंच होतं. शनिवारी बाईंनी त्याला उचललं, दारापर्यंत गेल्या, आणि पाऊल बाहेर पडेना. परत कोपऱ्यात ठेवून आल्या.

"बाई, माझा गांबा?" चिमटीने दारातच विचारलं.

"अगं, व्हार्निश अजून ओलं आहे."

पोरीने मान हलवली. तातोबांच्या दुकानात व्हार्निश सुकायला वेळ लागतो, हे तिला माहीत होतं. पुढच्या शनिवारी तिने पुन्हा विचारलं, त्याच्या पुढच्याही. व्हार्निशचं कारण पुरेसं ताणून झाल्यावर बाई सांगू लागल्या, तारा नव्या आहेत, ताणून बसायला वेळ लागतो. मग हवा दमट आहे. मग हवा कोरडी आहे. इतकी वर्षं खरं बोललेल्या बाईला खोटं बोलणं किती सहज जमतं, ते बघून त्यांचं त्यांनाच नवल वाटायचं.

आणि घरी काय, तर त्या खुंट्यांना हात लावत नव्हत्या. का, तर त्यांनी लावलेला सूर मोडायचा नाही. वेडेपणा नुसता! तात हवेबरोबर उतरते, एका दिवसाचाही सूर धरून ठेवत नाही, हे पोरांना रोज घोकून सांगणाऱ्या बाई या. तातोबांनी लावलेला सूर ते गेले त्याच आठवड्यात विरून गेला होता. बाईंना ते कळत होतं आणि कळून घ्यायचं नव्हतं.

एकदा नणंद राहायला आली. तातोबांची थोरली बहीण, जिभेला हाड नाही. कोपऱ्यातला गांबा बघून ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"हा इथे काय करतोय? त्या पोरीला द्यायचा होता ना?"

"देणारे, वन्सं. जरा दिवस जाऊ देत."

"माझ्या भावाने जीव जाळून केलाय तो. तुझ्या उशाशी ठेवायला नाही केला."

वन्सं गेल्यावर बाईंनी गांब्यावर चादर टाकली, म्हणजे कुणी विचारायलाच नको.

तिकडे चिमटी थोरल्या गांब्यावर झुंजत होती. तिच्या मागून आलेली पोरं पुढे गेली. ती पूर्वी जीभ बाहेर काढायची, आता दात आवळायची. मध्येच हात झटकायची. बाई बघायच्या आणि नजर दुसरीकडे वळवायच्या. मग तिने गांब्याचं विचारणं बंद केलं. आणि एका शनिवारी ती आलीच नाही. तिच्या आईचा फोन आला, "बाई, तिचं मनगट फार दुखायला लागलंय हो. डॉक्टर नको म्हणतात. आणि तिलाही आता पोहायला जायचंय म्हणते."

खोटं कशाला बोला, फोन ठेवल्यावर बाईंना आधी हायसं वाटलं. आता कुणी मागायला येणार नव्हतं. दुसऱ्या क्षणी आपल्याला हायसं वाटलं याची त्यांना अशी काही लाज वाटली, की त्या भिंतीला टेकून खाली बसल्या.

त्यानंतर तीन वर्षं गेली, वर आणखीही काही महिने. एका दुपारी बाई भांडी घासत असताना आतल्या खोलीत काडकन आवाज झाला. गांब्याची वरची तार तुटली होती. चादरीखाली, कुणी हातही न लावता. बाईंनी चादर ओढून काढली. फळीवर धूळ होती, एक पडदा सैल होऊन खाली घसरला होता, तारा लोंबत होत्या. तातोबांनी हे पाहिलं असतं तर बाईंना घराबाहेर काढलं असतं.

बाई मांडी घालून बसल्या. नवी तात चढवली, पडदे बांधले, खुंट्या पिळून सूर लावला आणि पलंगाच्या कडेवर बसून पहिल्यांदाच त्यावर गज ठेवला. अगं आई गं, काय आवाज होता! कोवळा, स्वच्छ, लहान मुलाच्या मापाचा, पण थेट काळजाला भिडणारा. बाईंना रडायलाही सुचेना. "आजच्या आज नेते," त्या मोठ्याने म्हणाल्या, पायात चपला सरकवल्या आणि गांबा पाठीला लावून निघाल्या.

दार चिमटीनेच उघडलं, आणि बाईंना मान वर करून बघावं लागलं. केस ओले, खांदे रुंद, मनगटं बाह्यांतून पुढे आलेली.

"बाई! या ना. आई कामावर गेलीय." तिची नजर बाईंच्या पाठीवर गेली. "हा तो?"

"हा तो."

ती बसली. अजून आठवत होतं, पण गांबा पोटऱ्यांत घ्यायला गेली तर गुडघेच त्याच्या खांद्यांवर आले. तिने पाय फाकवले, पाठ वाकवली. डावा हात मानेवर ठेवला तर एका बोटाच्या जागेत दोन बोटं. तरी तिने गज खालून, तळहात वर करून धरला आणि पहिल्या धड्यातली ओळ वाजवली. एक लांब, एक आखूड, डुलवत, बोलत. बोटं एकमेकांवर चढून स्वर चुकत होते, पण गज मात्र एकदाही चुकला नाही.

"काय गोड आवाज आहे हो," ती म्हणाली. मग गज मांडीवर ठेवून म्हणाली, "बाई, एक विचारू? ते व्हार्निश ओलं वगैरे, ते खोटं होतं ना?"

"हो."

"मला कळायचं. मला वाटायचं, मला नीट येत नाही म्हणून तुम्ही देत नाही. म्हणून मी खूप सराव करायचे. सगळे गेल्यावर खोलीत थांबून करायचे, बाकीच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीतही खाली येऊन करायचे. त्यानेच मनगट गेलं."

बाई तिच्यासमोर बसल्या. "नाही गं बाळा! तुला येत होतं. तुझ्याइतकं कुणाला येत नव्हतं. मला... मला हा घराबाहेर काढवत नव्हता. तुझे काका गेले, आणि हाच राहिला होता. तुझी काही चूक नव्हती गं. काही नव्हती."

चिमटीने गांब्याच्या मानेवरून बोट फिरवलं. चिडली नव्हती, आणि तेच बाईंना सोसवेना.

"मग एवढंच सांगायचं होतं ना, बाई," ती म्हणाली. "मी तुमच्या घरी येऊन वाजवला असता. रोज आले असते."

एवढं साधं बाईंना सुचलं नव्हतं. कोपऱ्यात गांबा वाजतोय, चिमटी चुकतेय, आपण भांडी घासता घासता "बोल गं, ओढू नकोस" म्हणून ओरडतोय, हे सगळं त्या घरात झालं असतं. तातोबा वेळेत पोचले होते. उशीर झाला तो बाईंनी केला. त्या उठून गांबा उचलायला वाकल्या. चिमटीने त्यांना धरलं, तेव्हा बाई तिच्या खांद्यावर डोकं टेकून हमसून हमसून रडल्या. तो खांदा आता तेवढ्या उंचीला आला होता.