काळ्या कागदाची मागची बाजू

धाकट्या जावेला प्रयोगशाळेत चिकटवलं ते मोठीनेच. "घरात बसून माझं डोकं खाते, त्यापेक्षा चार बाटल्या धुवेल," असं ती मॅडमना म्हणाली होती. मोठी तिथे एकोणीस वर्षं फळमाश्यांचं खाणं शिजवत होती. मक्याचं पीठ, साखर, यीस्ट, घट्ट व्हायला आगर. पातेलं तिने एकदाही तळाला लागू दिलं नव्हतं.

धाकटी बाटल्या धुवायला आली आणि वर्षाच्या आत सूक्ष्मदर्शकावर बसली. मॅडम मोठीला आजही "अहो" म्हणायच्या. धाकटीला दुसऱ्याच आठवड्यात "अगं, इकडे ये, बघ" सुरू झालं. "हिच्यासारखे डोळे कुणाचे नाहीत," हे ऐकताना मोठी पातेलं जरा जोरातच ढवळायची.

प्रयोग असा होता. माश्यांच्या पेशी बाटल्यांत वाढवून त्यांच्यावर अतिनील दिव्याचा झोत सोडायचा. त्याने पेशीतल्या डीएनएला जागोजागी इजा होते. मग निम्म्या बाटल्या ट्यूबलाइटखाली ठेवायच्या. उजेडाच्या जोरावर पेशी स्वतःची डागडुजी करून घेतात. उरलेल्या बाटल्या काळ्या कागदात गुंडाळायच्या. अंधारात दुरुस्ती करण्याची कुवत या जातीच्या माश्यांत जन्मापासूनच नाही, म्हणून कागदातल्या पेशी मरायला हव्यात. गुंडाळायचं काम धाकटीचं.

त्यातच मॅडमची बदली नव्या इमारतीत ठरली. तिथे माश्यांचं खाणं तयार येणार होतं आणि सोबत एकीलाच नेता येणार होतं. कोणाला, ते मॅडमनी अजून सांगितलं नव्हतं.

त्या मंगळवारी अकराच्या सुमारास मोठी फडताळामागच्या मोरीवर पातेलं घासायला गेली. तिथून तिला दिसलं, की उघड्या फडताळातल्या बाटल्यांवरचा काळा कागद मागून सरकलाय आणि त्यांच्या पाठीवर ट्यूबलाइटचा लख्ख उजेड पडतोय. समोरून सगळं व्यवस्थित. धाकटी समोरच बसली होती, पाठमोरी, भिंगाला डोळा लावून.

एक हाक पुरली असती. मोठीने पातेलं घासलं, विसळलं, पालथं घातलं आणि निघून गेली. आता कळू दे मॅडमना, कसे डोळे आहेत ते.

तांबड्या उजेडाने डागडुजी सुरू होत नाही, म्हणून संध्याकाळी धाकटीने तांबड्या दिव्याच्या खोलीत नेऊन कागद सोडले. तिथल्या मिणमिणत्या उजेडात तिला काहीच कळलं नाही. तीन दिवसांनी मोजणी झाली. कागदातल्या पेशी जिवंत होत्या, निम्म्याहून जास्त.

मोठी बोलणी ऐकायला दारापाशी येऊन उभी राहिली. मॅडमनी धाकटीच्या खांद्यावर हात ठेवला. "अगं, या अंधारातसुद्धा सावरल्या. हे कुणाला दिसलं नसेल. आपण हे छापू, तुझ्या नावासकट. आणि नव्या इमारतीत तू माझ्याबरोबर येतेस."

धाकटी लाजली. "ताईंमुळेच आले मी इथे," ती म्हणाली. तिने रागाने काही म्हटलं असतं तर मोठीला सोसलं असतं.

"अंधार कुठला?" मोठी म्हणाली. "कागद मागून उघडा होता. मी बघितलाय."

"कधी?"

"मंगळवारी. अकराला."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे अकरापासून संध्याकाळपर्यंत तुम्हाला ठाऊक होतं."

मोठीला तेव्हा लक्षात आलं की आपण नक्की काय सांगून बसलो.

"मला सांगायचंत ना, ताई," धाकटी हळूच म्हणाली.

"भिंगातून डोळा काढून मागे आली असतीस तर तुलाही दिसलं असतं."

मॅडमनी वही मिटली. मग म्हणाल्या, "प्रयोग पुन्हा करू. आणि माझ्याबरोबर हीच येईल. कागद गुंडाळायला शिकवता येतं, अहो."

त्या रात्री घरी दोघींनी भांडी घासली, एकीने घासायची, दुसरीने पुसायची, रोजच्यासारखीच.

सोमवारी नव्या बाटल्यांवर दिव्याचा झोत सोडून झाला. धाकटीने दुहेरी कागद लावला, वरून दोरा बांधला आणि मोठीला हाक मारली. "ताई, मागून बघता का जरा?"

मोठी हात पुसत फडताळामागे गेली. वाकून बघितलं, कडेकडेने बोट फिरवलं, खालून बघितलं. एवढीशी फट सापडावी म्हणून तिने पहिल्यापासून पुन्हा सगळं तपासलं.

"ठीक आहे," ती म्हणाली.