एका तासावरचं पुणं

नाना गेले तेव्हा त्यांचा मुलगा प्रशांत पुण्यात होता. म्हणजे त्याच्याच हिशेबाने एका तासावर. मी धुळ्याहून एसटीने, जळगावला गाडी बदलून, सावद्याला पोचलो होतो आणि नानांच्या उशाशी बसलो होतो. त्या रस्त्याचं कौतुक करावं असं काही नाही. पण एसटी रोज असते... विमान रोज नसतं.

आमची ओळख कॉलेजच्या वसतिगृहातली. पुढे मी धुळ्यात मास्तरकी धरली, त्यांनी सावद्यात केळी. जळगावहून पुण्याचं विमान सुरू झालं तेव्हा ते इस्त्रीचे कपडे घालून विमानतळावर गेले होते. तिथे प्रवाशांपेक्षा हार जास्त होते. घरी येऊन मला फोन केला, "सर, आता तुमचं धुयं लांब अन् पुनं जोळ!"

"मग प्रशांतला म्हणा, जेवायला येत जा."

"येईन ना तो. एका तासाचं तं काम हाये."

हेच वाक्य त्या घराला बाधलं. ट्रॅव्हल्समध्ये रात्रभर हाडं खिळखिळी करून यावं लागायचं, तेव्हा प्रशांत दिवाळीला यायचा, आखाजीला यायचा. आधी ठरवावं लागे, रजा मागावी लागे. पुणं एका तासावर आलं आणि ठरवायची गरजच संपली. कधीही येता येतं, म्हणून तो येईनासा झाला.

नानांचं हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी 'मुलाला बोलवा' म्हटल्यावर नानांच्या पत्नीने, अक्कांनी, फोन लावला. त्या दिवशी विमान नव्हतं. "आई, गाडीने निघालो तर सगळी रात्र जाईल. त्यापेक्षा उद्या फ्लाइटने एका तासात येतो," प्रशांत म्हणाला. अक्का काही बोलायच्या आत नानाच म्हणाले, "राहू दे. पोराले कायले दगदग?" दुपारभर मात्र दाराशी चप्पल वाजली की त्यांची मान वळायची... संध्याकाळी ती वळायची थांबली.

प्रशांत दुसऱ्या दिवशी आला. विमान अगदी वेळेवर होतं. अंत्ययात्रा त्याच्यासाठी थांबवली होती. तो खूप रडला, आणि त्यात खोटं काही नव्हतं. तिसऱ्या दिवशी राख सावडून आल्यावर मला म्हणाला, "काका, आईची काळजी करू नका. मी एका तासावरच आहे."

अक्का उठल्या. ओसरीत केळीचा एक घड टांगलेला होता. दिल्लीला जाणारा माल नाना कोवळा कापायला लावत, भुसावळचा चांगला भरू देत. ट्रक वेळेवर पोचेल यावर त्यांनी जन्मात विश्वास ठेवला नाही. विश्वास ठेवला तो मुलावर. तो येतो म्हणाला की त्याच दिवशी पिवळा होईल असा घड ते कापून आणत. हा मागच्या रविवारचा. त्या रविवारी तो आला नव्हता, आणि नानांनी घडाला कुणाला हात लावू दिला नव्हता.

अक्कांनी एक केळं तोडून मुलापुढे धरलं. "खाय. तुह्यासाठीच कापेल व्हतं."

साल काळी पडली होती. त्याने सोलायला घेतलं, तर गर बोटांवरच आला. हात कुठे पुसावा हे त्याला कळेना. अक्कांनी पदर पुढे केला नाही.