आईचं मत

प्रचाराच्या रिक्षेचा भोंगा ऐकला की मला पाथर्डीकडच्या आमच्या गावातली ती सकाळ आठवते. वडील पक्षाचे जुने कार्यकर्ते, त्यामुळे आमच्या घरातली सगळी मतं त्यांच्याच पक्षाला पडणार, असं गाव धरून चालायचं. जिल्हा परिषदेच्या त्या निवडणुकीत समोरच्या पक्षाकडून एक बाई उभ्या होत्या. डेपोत खेटे घालून त्यांनी गावाला सकाळची एसटी मिळवून दिली होती आणि त्याच गाडीनं मी कॉलेजला जायचे. आमच्या ओसरीवर चहा पिता पिता वडिलांच्या पक्षाचे उमेदवार आईला म्हणाले, "वहिनी, तुमचं मत तर आमचंच हाय." आई शांतपणे म्हणाली, "न्हाई भाऊजी. पोरीची गाडी त्या बाईंनी आनली. या खेपेला मत त्यांना." सगळे वडिलांकडं बघायला लागले. वडील कप खाली ठेवत म्हणाले, "माझं मत तुमालाच हाय. तिचं तिला ठरवू द्या." मतदानाला दोघं एकाच मोटारसायकलवर गेले. निवडून वडिलांचेच उमेदवार आले. सत्काराला गावात आले तेव्हा ते आईला म्हणाले, "वहिनी, गावात खरं बोलल्या त्या तुमी एकट्याच." आता माझं सासरही एका पक्षाचं आहे. निवडणूक आली की घरात माझं मत कुणी गृहीत धरत नाही, विचारतात, आणि मी तोंडावर सांगते.