फाटकाबाहेरचा स्कॅनर

‘मुलगी चांगली हाय गं, पण बाप जुगाराचा अड्डा चालवतोय म्हणं.’

सांगलीत एका लग्नाच्या जेवणावळीत माझ्या मागच्या खुर्चीवरून हे वाक्य आलं. मी कान टवकारले. लाजाळू माणसांना दुसऱ्यांचं ऐकण्याखेरीज फारसे छंद नसतात. जिलेबी संपेपर्यंत माझ्या लक्षात आलं, की मुलगी म्हणजे माझी ताई, आणि जुगारी बाप माझाच.

बोलणारी बाई आटपाडीची, ताईसाठी बघितलेल्या मुलाची आत्या. मुलगा शिरवळच्या एका कारखान्यात इंजिनिअर. रविवारी त्याचे आईवडील आमच्या साताऱ्याच्या घरी पसंती सांगायला येणार होते. ताईने तिची पसंती केव्हाच कळवली होती (मुलाला, फोनवर, घरी अजून बातमी पोचली नव्हती).

माझे पप्पा सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि त्यांनी पाचगणीजवळ स्ट्रॉबेरीचं शेत आणि पर्यटकांसाठी खोल्या काढल्या. आत्याबाईंनी कौतुकाने मोबाईलवर त्या शेताची वेबसाइट शोधली, तर स्ट्रॉबेरीऐवजी रमीचा डाव उघडला. अपुऱ्या कपड्यांतल्या बायका त्यांना खेळायला बोलावत होत्या.

घरी येऊन मी हे आईच्या कानात सांगितलं, आईने पप्पांना. पप्पांनी लॅपटॉपवर थेट पत्ता टाकून साइट उघडली. स्ट्रॉबेऱ्या जागच्या जागी होत्या.

‘दिसतीया की सगळी स्ट्रॉबेरी,’ पप्पा म्हणाले. ‘आटपाडीत पाणी कमी, उन्हानं भास हुतोय लोकांस्नी.’

मग आईने स्वतःच्या मोबाईलवर शेताचं नाव शोधून दाखवलं. त्या बायका पप्पांकडे बघून हसल्या. पप्पांनी मोबाईल पालथा ठेवला.

वेबसाइट केली होती सांगलीच्या मामाने. (मामाचा मूळ धंदा जळालेल्या विजेच्या मोटारी रिवाइंड करण्याचा; पण जिथे वायर जाते तिथे आपला हक्क, असं त्याचं मत आहे.) तो दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने हजर झाला. साइटमध्ये व्हायरस शिरलाय आणि तो हुडकायला साइट तपासणारा स्कॅनर लागतो, असं जाहीर करून त्याने ऑनलाइन एक स्कॅनर घेतला. स्कॅनर पडद्यावर बराच वेळ गोल गोल फिरला आणि इंग्रजीत काहीतरी म्हणाला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

आमच्या घरात इंग्रजी दिसलं की मला हाक मारतात. औषधाचं खोकं, मिक्सरचं माहितीपत्रक, शेजारच्या काकूंना आलेला बँकेचा मेसेज. मला इंग्रजी शाळेत घातलं ते बहुधा याचसाठी. मी वाचलं : साइटपर्यंत पोहोचता आलं नाही.

पत्ता चुकला असेल, असं पप्पांचं निदान. मामाने पत्ता पुन्हा टाकला. स्कॅनर पोचला नाही. मामाने राउटर बंद करून चालू केला. मग मीटरपाशी जाऊन अख्ख्या घराची लाइट बंद करून चालू केली. (साइट आमच्या घरात नव्हतीच, ती सांगलीतल्या एका कंपनीने कुठल्याशा लांबच्या मशीनवर ठेवली होती. हे मला ठाऊक होतं. पण मामाला असलं काही सांगायचं तर मला आधी आठवडाभर तालीम लागते.) पप्पांनी स्कॅनरवाल्यांच्या मदत केंद्राला फोन लावला. तिकडे मशीन बोलत होतं. पप्पा त्याला ओरडून त्याचा हुद्दा विचारत होते. शनिवारी दुपारपर्यंत मशीनचा आवाज तसाच गोड होता; पप्पांचा पार बसला.

शेवटी मी गुपचूप त्यांना चॅटवर लिहिलं. समोर माणूस नसला की मी फार धीट असते. लगेच उत्तर आलं : आमचा स्कॅनर परदेशातून येतो. तुमच्या साइटवर परदेशातून येणाऱ्यांना बंदी आहे का?

मी ते मराठीतून मोठ्याने सांगितलं. पप्पांचा चेहरा उजळला.

‘त्यो बंदोबस्त म्याच केलाय,’ ते घोगऱ्या आवाजात कुजबुजले.

व्हायरस परदेशातून येतात, हे त्यांनी मागे पेपरात वाचलं होतं. त्याच दिवशी कंपनीला सांगून त्यांनी भारत सोडून सगळे देश बंद करून टाकले होते. गुप्ततेसाठी मामालाही पत्ता लागू दिला नव्हता.

‘आवं दाजी,’ मामा म्हणाला, ‘चोर आत घेऊन कडी घातलीसा, आन् आता पोलीस दारात हुबा हाय.’

मग कडी काढा, असं आईने सुचवलं. तिथेच खरी गोम होती. छावणीतल्या पहारेकऱ्याला देतात तसा पप्पांनी कंपनीला हुकूम देऊन ठेवला होता : माझा स्वतःचा आवाज ओळखल्याशिवाय फाटक उघडायचं नाही. आणि कंपनीतले गृहस्थ हुकमाचे पक्के निघाले. पप्पांची कुजबुज ऐकून ते अदबीने म्हणाले, ‘ताई, जरा साहेबांना फोन द्या.’

रात्रीपर्यंत मिठाच्या गुळण्या झाल्या, ज्येष्ठमध झाला, अडुळसा झाला. पप्पांच्या घशातून फक्त हवा येत राहिली.

रविवारी पाहुणे आले. आई त्यांना सांगत होती, की आमची धाकटी फार गरीब, चारचौघांत तोंड उघडत नाही. मुलाच्या वडिलांनी चहाचा कप बाजूला सारला आणि मोबाईल पुढे केला.

‘सुभेदारसाब, चहा हुईल निवांत. आदी ह्ये पत्त्यांचं काय त्ये सांगा. वाटंत बगितलं, डाव चालूच हाय.’

पप्पांनी तोंड उघडलं, काहीच आलं नाही, आणि ते पकडल्या गेलेल्या माणसासारखे दिसले. मामाने खुलासा सुरू केला, तो कॉइल जळण्यापर्यंत गेला. मुलाची आई पर्स आवरू लागली. स्वयंपाकघराच्या दारात पोह्यांचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात पप्पांनी आशेने पुन्हा लावलेला कंपनीचा फोन लागला, आणि पलीकडून विचारणा झाली : साहेब आहेत का?

पुढचं थोडक्यात सांगते. फाटक उघडलं, स्कॅनर आत आला, त्याने रमीचं बिऱ्हाड पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत शोधून काढलं, मामाने ते हाकललं आणि पाहुणे जेवूनच गेले. ताई आता शिरवळला सुखात आहे. तिच्या सासरी मात्र माझं नाव कुणी घेत नाही, मला ‘साहेब’ म्हणतात. माझ्यासाठी एखादं स्थळ आलं, की आटपाडीच्या आत्याबाई त्यांना आधी हीच गोष्ट सांगतात, आणि स्थळ विचार करायला वेळ मागतं. कारण त्या दिवशी मी पप्पांच्या हातातून फोन घेतला, छाती पुढे काढली आणि भरल्या बैठकीत, माझा मलाच अनोळखी असलेल्या भसाड्या आवाजात म्हणाले,

‘सुभेदार बोलतोय. फाटक उघडा, आन् कुठल्या बी देशाचा गडी येऊ दे, आडवायचा न्हाई!’