आईच्या फोनमधलं जहाज

आमच्या घरात सकाळचा चहा आणि जहाज एकदमच यायचं. दिल्लीत मयूर विहारच्या सोसायटीतला दोन खोल्यांचा फ्लॅट, खिडकीतून समोरच्या बिल्डिंगचे कूलर दिसतात, समुद्र कुठल्याच बाजूला नाही. आई कप खाली ठेवून फोन उघडायची, चष्मा नाकावर ओढायची आणि सांगायची, "आज ग्रीसच्या खाली आहे. वारं सुटलंय तिकडे."

बाबा पेपर तोंडासमोर धरायचे.

फोनवर समुद्राचा नकाशा आणि त्यावर एक निळा ठिपका. जगातली सगळी जहाजं अशी दिसतात, फुकट, कुणालाही. आई त्यातलं एकच बघायची. माझा मोठा भाऊ त्या जहाजावर होता. सहलीचं जहाज, पंचतारांकित हॉटेल पाण्यावर ठेवावं तसं. तिथे तो प्रवाशांच्या खोल्या आवरायचा, चादरी बदलायचा. एका सकाळी तो कामावर आला नाही. सगळं जहाज शोधलं, सापडला नाही, असं कंपनीने कळवलं. जहाज तेव्हा भर समुद्रात होतं. याहून जास्त आम्हाला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

'मिसिंग' म्हणे. माणूस काय छत्री आहे?

कॉलेजात मी विद्यार्थी संघटनेसाठी पत्रकं लिहायचे. भाऊ गेल्यावर जहाजांवरच्या कामगारांसाठी लिहायला लागले. पत्रकाचा नियम सोपा असतो. कोण कुणाचं खातंय ते पहिल्या दोन ओळींत सांगा, कारण तिसऱ्या ओळीपर्यंत वाचणारा मेट्रोत चढलेला असतो. त्या कंपनीचा इतिहास मी इतक्या वेळा लिहिलाय की झोपेत उठवलं तरी सांगेन. विमानं आली आणि महासागर ओलांडायला बोटीने जाणारे लोक संपले. मोठमोठ्या प्रवासी बोटी बंदरात गंजत पडल्या. मालवाहतुकीतल्या एका माणसाने त्यातली एक भंगाराच्या भावात उचलली, तिला पांढरा रंग दिला, वरच्या डेकवर पोहण्याचा तलाव बसवला आणि ती उबदार बेटांभोवती फिरवून पुन्हा त्याच बंदरात आणायला लागला. कुठे पोचायचंच नाही, नुसतं फिरायचं. लोकांना फार आवडलं. एका बोटीच्या दोन झाल्या, मग त्याच्या कंपनीने शेजारच्या कंपन्या गिळल्या, आणि आता असा समुद्र नाही जिथे तिची जहाजं नाहीत. कचेरी एका देशात, झेंडा भलत्याच चिमुकल्या देशाचा, कारण तिथे कर नाही आणि कामगाराने दाद मागायची तर दरवाजाही नाही. वरच्या मजल्यांवर नाचगाणी. पाण्याच्या पातळीखाली, बिनखिडकीच्या खोल्यांत, आपली पोरं.

आणि जहाज जुनं झालं की ते धाकट्या कंपनीला द्यायचं. तिथे नवं नाव. तिथून आणखी हलक्या कंपनीला, आणखी एक नाव.

तरी आईला ते बरोबर सापडायचं, कारण भावानेच एकदा सुट्टीत सांगून ठेवलं होतं. "आई, जहाजाचं नाव बदलतं, मालक बदलतो, झेंडा बदलतो. नंबर बदलत नाही. बांधल्यापासून मोडेपर्यंत एकच."

"लग्न झालेल्या बाईसारखं नाव बदलतात म्हण की."

"बाईला नंबर कुठे असतो पण?"

"आधार आहे ना बाबा!" आई म्हणाली होती, आणि तो इतका हसला होता की चहा सांडला.

सुट्टीवर आला की त्याला आमचं घर पेलायचं नाही. स्वतःच्या घरच्या स्वयंपाकघरात शिरतानाही तो दारावर टकटक करायचा आणि मग ओशाळायचा. पडदे घट्ट ओढून, फटीत वर्तमानपत्र कोंबून झोपायचा. उजेडात त्याला झोपच येईना. टॉवेलाचे प्राणी करायची त्याच्या कामात पद्धत होती. खोली आवरून झाली की पलंगावर टॉवेल दुमडून केलेला ससा, हंस, माकड ठेवायचं, म्हणजे प्रवासी खूश. आमच्याकडे तो हत्ती करायचा. शेवटच्या सुट्टीत जाताना त्याने स्वतःच्या पलंगावर एक हत्ती करून ठेवला आणि विमानतळावर गेला. तो आईने मोडला नाही. पलंगही तसाच. मी त्याच खोलीत, जमिनीवर गादी टाकून राहते. हत्ती हळूहळू बसत चाललाय, सोंड खाली आलीय. दिवेलागणीला मी एकटी असले की त्या खोलीत पलंगाकडे पाठ करून बसत नाही. मी, जी चौकात माइकवर अंधश्रद्धेच्या विरुद्ध बोलते.

त्याचे फोन यायचे तेव्हा त्याच्या आवाजामागे एक घरघर असायची. इंजिनाची, दिवसरात्र न थांबणारी. आम्हाला तिची इतकी सवय झाली होती की ती ऐकूच यायची नाही. आता येते. सोसायटीत वीज गेली की तळघरातला जनरेटर सुरू होतो आणि फरशी बारीक थरथरायला लागते. आई बोलताबोलता थांबते. मीही थांबते. बाबा उठून उगाच खिडकी लावून येतात. मग वीज येते आणि आम्ही तिघं जणू काही झालंच नाही असे पुढे बोलतो.

बाबा मंत्रालयातून निवृत्त झालेले. फाइल बंद करायची त्यांना सवय आहे, असं आई चिडून म्हणायची. दर पितृपक्षात त्यांचं एकच.

"गुरुजींशी बोललोय मी. देह मिळाला नसेल तर दर्भाचा करून विधी करता येतो. शास्त्रात आहे."

"गवताचा मुलगा करून जाळू?"

"अगं, त्याला मोकळं नको का करायला? आणि आपल्याला?"

"जहाज चालू आहे ना?" आई फोन त्यांच्यापुढे धरायची. "हे बघा. चालू आहे. मग?"

बाबा पुन्हा पेपर उघडायचे. माझ्याकडे उत्तर होतं, चांगलं चार मुद्द्यांचं, पण मी ते कधी दिलं नाही. कारण दुपारी कामातून वेळ काढून मीही आईला मेसेज करायचे, 'आज कुठे?' आणि तिचं उत्तर येईपर्यंत माझं लक्ष लागायचं नाही.

या उन्हाळ्यात ठिपक्याने तोंड फिरवलं. आधी तो एका बंदरात बरेच दिवस नुसता उभा होता. मग सुएझमधून खाली आला, एडन ओलांडलं, आणि एका सकाळी आई ओरडलीच, "अगं, अरबी समुद्रात आलं! इकडे येतंय!"

मी ब्रश तोंडात धरून धावले. ठिपका सरळ गुजरातकडे निघाला होता. आणि जहाजाचं नाव पुन्हा बदललं होतं. या वेळी नवं नव्हतं, जुन्याचीच पुढची अक्षरं खोडून उरलेलं.

"आखूड केलंय बघ," आई म्हणाली. "लाडाचं असेल."

ते कशाला आखूड करतात ते मला माहीत होतं. शेवटच्या फेरीला निघालेल्या जहाजाच्या अंगावर कुणी नवं नाव रंगवत बसत नाही. असलेल्यातली चार अक्षरं पुसतात, झेंडा बदलतात आणि पाठवतात. मी यावर आख्खं पत्रक लिहिलं होतं. मी तोंड धुवायला परत गेले आणि नळ नुसताच सोडून उभी राहिले.

त्याच आठवड्यात महाराष्ट्र मंडळातल्या काकू आल्या, हातात चकचकीत निमंत्रण घेऊन. गुरुग्रामच्या एका हॉटेलात त्याच कंपनीचा कार्यक्रम होता. ती आता हिंदुस्थानातून सहली काढणार होती. मंडळाचा ग्रुप जमत होता.

"लंच फ्री आहे," काकू म्हणाल्या. "बुकिंग नाही केलं तरी चालतं, बिल्कुल जबरदस्ती नाही. तुम्ही पण चला ना, जरा मन..." मग त्यांना आठवलं आपण कुणाच्या घरात बसलोय ते, आणि त्यांनी जीभ चावली.

पण आईचा चेहरा उजळला होता. "म्हणून येतंय ते! इथूनच सोडणार असतील. मी जाईन त्याच्यावर. मला त्याची खोली बघायचीय. खालच्या मजल्यावर जाऊ देत नसतील, पण मी विचारीन. आई आहे म्हटल्यावर कोण नाही म्हणेल?"

बाबा उठून आत गेले. काकू माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, "मी येते तुझ्याबरोबर."

पिशवीत मी पत्रकांचा गठ्ठा घेतला. राजीव चौकला गाडी बदलून गुरुग्राम येईपर्यंत मनात वाक्यं घोटत होते. कंपनीची फिल्म सुरू झाली की उठायचं, मोठ्याने विचारायचं, किती जण गेले त्याचा हिशेब कुठे आहे? बाहेर काढतील तर काढू दे. आई शेजारी इस्त्रीची साडी नेसून बसली होती, परीक्षेला निघाल्यासारखी. प्रत्येक स्टेशनला फोन उघडून बघत होती. ठिपका किनाऱ्याच्या अगदी जवळ आला होता.

हॉटेलचा हॉल एसीने गारठलेला. करोल बागेतले दागिन्यांचे व्यापारी सहकुटुंब आलेले, आमचे मंडळवाले पहिल्या रांगेत. फिल्म लागली. तोच इतिहास, माझाच, पण व्हायोलिनवर. एका स्वप्नाळू माणसाची एक छोटी बोट. मग दोन, मग पंधरा, समुद्रामागून समुद्र. प्रत्येक जहाज पडद्यावर यायचं, नाव झळकायचं, लोक टाळ्या वाजवायचे. भावाचं जहाज आलंच नाही. त्याच्या आधीचं आलं, नंतरचं आलं. मधे पडदा नुसता निळा झाला आणि पुढे सरकला. मला वाटलं मी उठतेय. पाय उठले नाहीत. त्या निळ्या पडद्याकडे बघताना मला फरशीतून घरघर ऐकू येत होती, आणि शेजारी आईने माझं मनगट पकडलं होतं. तिलाही येत असावी.

दिवे लागल्यावर तिनेच हात वर केला. कोटवाला पोरगा माइक घेऊन आला.

"बेटा, वो एक जहाज नहीं दिखाया." तिने नाव सांगितलं, पहिलं नाव, भाऊ होता तेव्हाचं. "वो इधर आ रहा है ना? उसमें कब से बुकिंग है?"

पोरगा गोंधळला, मग हसला. "आंटी, वो तो बहुत पुराना था. वो रिटायर हो गया."

"रिटायर तो हमारे ये भी हो गये," आई म्हणाली, "घर में ही बैठे हैं." हॉलमध्ये हशा पिकला. पोराने माइक दुसरीकडे नेला. आई अजून हसतच होती. ती माझ्याकडे वळली. "काय गं, रिटायर झालं की जहाज कुठे जातं?"

तिथे घोषणा चालणार नव्हती. मी हळू सांगितलं. "भरतीच्या वेळेला किनाऱ्यावर चढवतात, आई. चिखलात रुतवतात. आणि कापतात. लोखंड विकतात."

"माणसं आत असताना?"

"नाही गं. आधी सगळे उतरतात."

"सगळे?"

पुढे काकू कुठल्या तरी डेकवरच्या खोल्यांबद्दल विचारत होत्या, समुद्राकडची बाल्कनी वगैरे. आईने हातातलं जेवणाचं कुपन नीट घडी करून खुर्चीवर ठेवलं आणि उठली. जेवणाच्या रांगेवरून बाहेर पडताना तिने आपण होऊन मला सांगितलं, "मग त्यालाही उतरवायला हवं. कुणी तरी जाऊन उतरवायला हवं ना त्याला." आवाज अगदी रोजचा. भाजी आणायला हवी, तसा.

पत्रकं मी वाटली नाहीत. का ते मला विचारू नका. त्यांतलं एक अक्षर खोटं नव्हतं आणि आजही नाही.

घरी पोचलो तेव्हा बाबा चहा करत होते. आई चपला न काढताच म्हणाली, "तुमच्या त्या गुरुजींना फोन लावा."

बाबांनी गॅस बंद केला. इतकी वर्षं तेच मागे लागले होते, तेच शास्त्र सांगत होते, आणि आता त्यांचा चेहरा कुणी खिसा कापावा तसा झाला. "आज? आज कशाला एवढी घाई? श्रावण झाला की बघू. आपण त्या कंपनीला परत एकदा लिहून बघू. एवढी शिकली आहे ही, ही लिहील."

"जहाज संपलं," आई म्हणाली.

"जहाजाचं काय घेऊन बसलीस! असेल तो कुठे तरी उतरलेला. आठवत नसेल त्याला. होतं असं. लोकांचं होतं."

आईने त्यांच्याकडे ज्या नजरेने बघितलं ती मी आधी एकदाच बघितली होती, भावाकडे, तो विमानतळाच्या काचेपलीकडे गेला तेव्हा. तिने बाबांचा फोन उचलला, नंबर शोधला, लावला आणि स्पीकरवर टाकून त्यांच्या हातात दिला. स्वतः ओट्याकडे गेली, पाठमोरी.

गुरुजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. गेल्याची तिथी विचारली. आम्हाला ती माहीत नव्हती, ज्यांनी सांगायची त्यांनी सांगितली नव्हती. ते म्हणाले, मग कळलं तो दिवस धरतात. गोत्र विचारलं, ते बाबांनी सांगितलं. नाव विचारलं. बाबांनी फोन माझ्यापुढे धरला. मी सांगितलं.

"आणि वय?" गुरुजींनी विचारलं.

बाबा बोटांवर मोजायला लागले. मधेच थांबले. माझ्याकडे बघितलं, मग फोनला विचारलं, "तेव्हाचं सांगू, की आत्ताचं?"

ओट्यापाशी आईने गॅस पुन्हा पेटवला.

"तेव्हाचं," ती म्हणाली.