कोर्बिनियानचा उजवा हात

आमच्या कोर्बिनियानचा उजवा हात म्हणजे अख्ख्या गावाची मालमत्ता. बव्हेरियातल्या आमच्या जत्रेत बिअरने भरलेला लिटरभराचा पेला हात ताठ करून धरायची शर्यत असते. ती दरवर्षी हाच जिंकायचा. एरवी हा माझा नवरा घरात स्वतःचं ताट उचलत नाही, पण ते असो.

त्या वर्षी मात्र त्याला केससुद्धा विंचरता येईनात. कुशीवर वळला की कळ. "वारं लागलंय," म्हणत मार्मोट नावाच्या डोंगरी प्राण्याच्या चरबीचं मलम चोळत बसला. घरभर वास! शेवटी मीच ओढत दवाखान्यात नेलं. तिथे बाकावर कोण? क्साव्हर, याचा जन्माचा प्रतिस्पर्धी!

"तू कसा रे इथे?"

"गुडघा. तुझं काय?"

"माझाही गुडघाच."

दोघंही डाव्या हाताने मासिकं चाळत होते.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "हात समोर धरा. आता अंगठा खाली वळवा, पेल्यातली बिअर ओतून देताय असं समजा."

"ओतून? बिअर? बाई, असलं पाप माझ्या हातून व्हायचं नाही!"

"बरं बाबा, पाणी समजा!"

तेव्हा कुठे अंगठा वळला. बाईंनी दोन बोटांनी हात दाबला आणि गावाची मालमत्ता धपकन खाली आली. सोनोग्राफी झाली. खांद्याची कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी, अर्धी फाटली होती.

"व्यायामाने भागेल, पण वजन उचलू नका. पूर्ण तुटून आखडली, तर टाकेही धरायचे नाहीत."

"जत्रा झाली की बघू."

"अरे मेल्या, हात जाईल!" मी ओरडले. पण सुंभ जळला तरी पीळ जाईल तर ना!

जत्रेत क्साव्हरने पेला लवकरच खाली ठेवला. लोक हसले, तोही हसला. आमचा धरून राहिला. चेहरा पांढराफटक झाला, पण थेंब सांडला नाही. टाळ्यांचा नुसता कडकडाट, आणि मी रडतेय.

क्साव्हर रोज रबराची पट्टी ओढत बरा झाला. आमच्या विजेत्याने मात्र वर्षभर दुखणं लपवलं. पुन्हा दवाखान्यात गेला तोवर कंडरा तुटून पार आखडली होती.

यंदा क्साव्हर जत्रेत उभा राहिला. "विजेत्याच्या नावाने!" त्याने पेला उंच केला. सगळे उठले. कोर्बिनियानने हट्टाने उजव्याच हाताने पेला धरला. टेबलावरून पेला हलेचना.

तो माझ्या कानाशी वाकला. "वाल्बुर्गा, अर्धी ओतून दे गं."